नाकात अकरा हरभरे

छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून कडूबाराव कडब्याची पेंढी घेऊन आले, तो दिवस आमच्या गल्लीला अजून आठवतो. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी धांडे बाहेर आलेले आणि मधे अंग चोरून बसलेले कडूबाराव. औरंगाबादच्या सिडकोतल्या आमच्या ओळीत जनावर म्हणाल तर एक मांजर आहे. समोरच्या उमाताईंनी गॅलरीतून विचारलं, "काय कडूबाराव, म्हैस घेता की काय?"

"घेतली असती ताई," ते म्हणाले, "पण दूध प्यायला कोण आहे?"

आणि पेंढी उचलून आत गेले. दार लावून घेतलं.

मी त्यांच्या शेजारी अठरा वर्षं राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक त्यांच्या बोटांना कळायचा, असं त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं सांगतात. पत्नी चतुराबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी सायली बंगळुरूला असते. दर रविवारी अकरा वाजता तिचा व्हिडिओ कॉल येतो. त्यासाठी कडूबाराव इस्त्रीचा शर्ट घालतात, लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवतात आणि पावणेअकरापासून समोर बसतात. कॉल दहा मिनिटांत संपतो. शर्ट मात्र ते जेवणापर्यंत काढत नाहीत.

कडबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर सोललेल्या सालींचा ढीग.

"सर, तुम्ही विज्ञानाचे. विमान का उडतं?"

मी पाऊण तास सांगितलं. पंखाच्या वरची हवा, खालची हवा, दाब, सगळं. कागदावर आकृती काढून बाण दाखवले. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे उडवलेलं नाय तुम्ही कधी."

"नाही," मी म्हणालो. तीस वर्षं शिकवलं, उडवलं एकही नव्हतं.

"मग बसा. चहा ठेवतो."

त्या दिवशी धांडे सोलता सोलता त्यांनी मला त्यांच्या अक्काची गोष्ट सांगितली.

कडूबारावांचं गाव लासूर स्टेशन. वडिलांची जमीन रेल्वे फाटकाच्या पलीकडे. गोजरबाई ही त्यांची तीन वर्षांनी मोठी बहीण. तिला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं, कारण गुरांकडे कोणीतरी हवं होतं. त्या काळी रोज दुपारी एक विमान मुंबईकडून येऊन त्यांच्या ज्वारीवरून औरंगाबादकडे जायचं. दोघं मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत बसायची. एवढ्या वरचं नीट कळायचं नाही, पण वडिलांच्या काडेपेटीवर विमानाचं चित्र होतं. गोजरबाईनं ती रिकामी काडेपेटी मागून घेतली. दोऱ्यानं चित्र मोजलं: पंख केवढा, अंग केवढं, शेपूट केवढं. मग त्याच दोऱ्याच्या घड्या घालून मोठं माप काढलं. दुसरं कुठलं माप तिच्याकडे नव्हतंच.

आमच्या भागात पोरं ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या करतात. वाळलेला धांडा सोलला की आत पांढरा, बोटानं दाबला जाईल असा हलका गाभा निघतो, आणि सालीच्या लवचीक कामट्या होतात. गाभ्यात कामटी टोचली की सांधा तयार. गोजरबाईनं त्याचंच विमान केलं. टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे, पंखांना पतंगाचा कागद, चिकटवायला कणकेची खळ.

"मी काय करायचो, माहितीये?" कडूबाराव म्हणाले. "पळायचो. ती करायची, मी पळायचो."

मळणी झाली की खळ्याशेजारी कडब्याची गंजी लागायची. गोजरबाई गंजीवर चढायची आणि वरून विमान सोडायची. खाली दोघांनी स्टेशनं ठरवली होती. बाभळीपर्यंत गेलं तर पोटूळ. पाण्याच्या चरापर्यंत गेलं तर दौलताबाद. बांध ओलांडला तर औरंगाबाद. ती वरून स्टेशनांची नावं ओरडायची आणि हा खालून विमानामागं धावायचा. बहुतेक विमानं पोटूळलाच पडत. दोन-तीन दौलताबादला गेली. औरंगाबादला एकही पोचलं नाही.

मग तिनं एक मोठं विमान करायला घेतलं, दोन हातांएवढ्या पंखांचं. त्याला महिना लागला. विमानाच्या नाकात भोक ठेवलं होतं आणि त्यात ती एकेक हरभरा टाकायची. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान तोलायची. शेपूट खाली गेलं की आणखी एक हरभरा. तोल लागला तेव्हा तिनं भोक मेणानं बुजवलं आणि विमान माळ्यावर ठेवलं. "हे गंजीवरून नाय सोडायचं," ती म्हणाली. "शाळेच्या मैदानात सोडायचं. तू सोड. तिथं लिंबापर्यंत गेलं तर औरंगाबाद."

ते सोडण्याआधीच, वैशाखात, तिचं लग्न झालं. वय पंधरा.

पावसाळ्यात माळ्यावर उंदीर लागले. त्यांनी हरभऱ्याच्या वासानं विमानाचं नाक कुरतडून खाल्लं. बाकी विमान शाबूत होतं. कडूबानं नवं नाक केलं, पण आत किती हरभरे होते ते त्याला माहीत नव्हतं. मोजले होते अक्कानं. शाळेत थंडीत प्रदर्शन होतं, शाळा तपासणारे अधिकारी, दिपोटी साहेब, यायचे होते, आणि विमान मांडायचं म्हणून त्यानं आपलं नाव देऊन ठेवलेलं.

दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून बहिणीला आणायला जातो. बारा वर्षांचा कडूबा वैजापूरच्या पुढं तिच्या सासरी गेला. सासूनं उंबऱ्यातच सांगितलं, यंदा पेरणी आहे, पाठवता यायचं नाही. पाणी द्यायला गोजरबाई बाहेर आली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "अक्का, नाकात किती?" तेवढ्यात सासू मागं येऊन उभी राहिली. बहीण काही बोलली नाही. निघताना मात्र तिनं त्याच्या उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारली. "नीट ने," एवढंच म्हणाली.

"आणि मी गाढव," कडूबाराव म्हणाले. "सगळ्या वाटेनं रडत आलो, अक्काला पाठवलं नाय म्हणून. माझ्या ध्यानातच नाय की मी काहीतरी विचारलं होतं."

घरी आईनं एकट्याला पाहिलं. गाठ सोडली, आत हरभरे. लेक आली नाही, पण लेकीच्या घरचं बी आलं, असं तिला वाटलं. आमच्याकडे लेकीच्या सासरचं बी शकुनाचं मानतात. तिनं ते मुठीत धरून कपाळाला लावले आणि पेरणीसाठी काढून ठेवलेल्या हरभऱ्याच्या पोत्यात टाकले. कडूबा दारात उभा राहून बघत होता. टाकून झाल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यानं अंदाजानं चार हरभरे घातले. दिपोटी साहेबांसमोर विमान सोडलं. ते सरळ आभाळाकडे तोंड करून उठलं, क्षणभर थांबलं आणि शेपटावर आपटलं. पोरं हसली. कोणाचा तरी पाय पंखावर पडला. कडूबानं ते गोळा केलं आणि घरी येताना रुळाशेजारच्या चरीत टाकून दिलं.

संक्रांतीला गोजरबाई माहेरी आली. बैलगाडीतून उतरायच्या आधीच तिनं विचारलं, "गेलं का?"

"गेलं," कडूबा म्हणाला.

"कुठवर?"

"औरंगाबाद."

"लिंबापर्यंत?"

"व्हय. लिंबाला लागलं आणि तुटलं."

पुढची सत्तावन्न वर्षं गोजरबाई ही गोष्ट सांगत आल्या. सासरी नणंदांना, पुढं सुनांना, मग नातवंडांना. मी केलेलं विमान शाळेचं मैदान ओलांडून गेलं, दिपोटी साहेबांनी टाळी वाजवली. टाळी कुठून आली ते कडूबारावांना माहीत नाही. ती त्यांनी सांगितलेली नव्हती.

आता गोजरबाई लासूर स्टेशनलाच असतात. मुलगा नानासाहेब यांचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गोजरबाईंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलं, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं की उरलेलंही काही महिन्यांत जाईल. मुलानं विचारलं, आई, काही बघायचंय का, तुळजापूर, पंढरपूर, कुठं न्यायचं? त्या म्हणाल्या, "कडूबाला म्हणाव तसलं विमान कर आणि एकदा माझ्यासमोर सोड. ते तेवढं मी पाहिलं नाय."

नानासाहेबांनी तसा फोन केला, आणि दुसऱ्याच गुरुवारी कडूबाराव छावणीच्या बाजारात गेले.

"उडालं तर ठीक," ते मला म्हणाले. "उडालं म्हणजे मागचं पण उडालंच होतं. नाय उडालं तर मला सांगावं लागंल."

त्यांनी तीन आठवडे काम केलं. मी रोज संध्याकाळी डोकावायचो. त्यांनी मोजपट्टी, व्हर्नियर, सोनाराचा छोटा काटा, सगळं काढलं होतं. आकृत्या तर मला शाळेत असायला हव्या होत्या अशा. पहाटे सिडकोतल्या मैदानावर जाऊन ते एकटेच विमान सोडत आणि एकटेच आणायला जात. सत्तरीला आलेला माणूस आपणच सोडलेल्या खेळण्यामागं चालत जातो, वाकतो, उचलतो, फुंकर मारून माती उडवतो आणि परत तेवढंच चालत येतो. मी फिरायला निघालो की लांबून दिसायचे. एकदा मी मदतीला गेलो. ते म्हणाले, "राहू द्या सर. दोघं झालो की मला आमची अक्का आठवती."

विमान प्रत्येक वेळी तसंच करायचं. नाक वर, थांबणं, शेपटावर पडणं. नाकात वजन वाढवलं की तोंडावर आपटायचं. मधलं काही त्यांना सापडत नव्हतं.

शेवटी फोन आला की आता उशीर नको. फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. विमान टीव्हीच्या खोक्यात. सायलीला त्यांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं की उद्या अकराला कॉल करू नको. दौलताबाद गेलं, पोटूळ गेलं. कडूबाराव खिडकीतून बघत होते. म्हणाले, "अक्का उलटं म्हणायची. आधी पोटूळ."

गोजरबाई ओट्यावर तयार होऊन बसल्या होत्या. हिरवं लुगडं, हातात काठी. आमचे पाय वाजल्यावर त्यांनी मान हळूहळू वळवली आणि भावाचा चेहरा समोर आल्यावर थांबवली.

"वाळलास," त्या म्हणाल्या. "खातोस का काही?"

"खातो की."

"खोटं बोलू नको. तुझ्या बोलण्यातच कळतं."

कडूबाराव माझ्याकडे बघून खाली बघायला लागले.

नानासाहेबांनी आम्हाला गाडीतून शाळेच्या मैदानावर नेलं. सुट्टीमुळे तिथं कोणी नव्हतं. लिंब कधीच तोडला होता. त्या जागी पाण्याची सिमेंटची टाकी होती. गोजरबाईंसाठी खुर्ची आणली होती. त्यांची नात संस्कृती मागं उभी राहिली.

कडूबारावांनी विमान बाहेर काढलं. पंखावरचा कागद अंगठ्यानं सपाट केला. त्यांनी ते सोडलं. विमान वर उठलं, थांबलं आणि शेपटावर पडलं.

संस्कृतीनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडलं?" गोजरबाईंनी विचारलं.

"पडलं."

"आण इकडं."

त्यांनी विमान मांडीवर घेतलं. आंधळ्या माणसासारखं नाही, बाळाची टाळू बघावी तसं बोटं फिरवत ते तपासलं.

"हा कडबा कुठला रे?"

"छावणीचा."

"संकरित ज्वारीचा दिसतोय. जाडजूड. आणि एवढं फेविकॉल? भिंत बांधायची होती का? शेपूट लई जड केलंस. कारखान्यात असंच करत होता का?"

"तिथं लोखंड होतं अक्का."

"लोखंड बरं मग. ते उडवायचं नसतं."

पहिल्यांदाच सगळे हसले. गोजरबाईंनी पदराचं टोक पुढं घेतलं. त्याला गाठ होती. त्यांनी ती दातांनी सैल केली आणि हातावर हरभरे ओतले. एकेक करून नाकातल्या भोकात टाकले. संस्कृती मोजत होती. अकरा झाले.

"अकरा," कडूबाराव म्हणाले.

गोजरबाईंनी पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचललं. शेपूट खाली गेलं. "अकरात भागायचं नाय. तुझ्या फेविकॉलचे वेगळे," त्या म्हणाल्या. "बारीक खडे दे पाहू दोन." संस्कृतीनं खडे दिले. पुन्हा बोटांवर विमान. ते किंचित डोललं आणि आडवं राहिलं, नाक केसभर खाली. त्यांनी ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"ने. ढकलू नको. नुसतं सोड."

कडूबारावांनी नुसतं सोडलं. विमान त्यांच्या हातातून निघालं आणि निघालंच. छातीएवढ्या उंचीवरून, आवाज न करता, जरासं डावीकडे वळत ते गेलं आणि मातीवर पोटानं घसरत थांबलं. मी पावलं मोजली. शिक्षकाची सवय. वीस.

गोजरबाई अजून समोर बघत होत्या. विमान डावीकडे वळलं तेव्हाच त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"गेलं का?"

"गेलं," कडूबाराव म्हणाले.

"कुठवर?"

प्रश्न तोच होता, आणि मला वाटतं, तो ऐकूनच त्यांना बोलावं लागलं. टाकीपर्यंत, असं ते म्हणू शकले असते. मी काही बोललो नसतो, नानासाहेबही नाही.

"वीस पावलं," ते म्हणाले.

"वीसच? मागल्या खेपेला तर लिंबापर्यंत गेलं होतं."

"नाय अक्का."

"काय नाय?"

"मागल्या खेपेला गेलंच नाय. उंदरांनी नाक खाल्लं होतं. तू दिलेले हरभरे आईनं बियाण्यात टाकले. मला आकडा नाय कळला. मी चार घातले. इथंच पडलं, ह्याच मैदानात. पोरं हसली."

गोजरबाईंनी रिकाम्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दिपोटी साहेब?"

"ते काय नाय बोलले. पुढं गेले."

"मी लई जणांना सांगितलं रे," त्या म्हणाल्या.

"माहितीये."

"सासूला पण सांगितलं होतं. तिच्या तोंडावर. तेव्हा ती गप बसली होती."

कडूबाराव जाऊन विमान घेऊन आले. टाकीत कुठंतरी पाणी पडत होतं. गोजरबाई म्हणाल्या, "बियाण्यात टाकले?"

"व्हय."

"म्हणजे उगवले असतील." मग काठीनं समोर दाखवलं. "आडवं गेलं तर मला दिसत नाय. टाकीपाशी जा. तिथून माझ्याकडं सोड. समोरून आलं तर दिसंल."

कडूबाराव मैदान ओलांडून गेले. इतकं लांब, की तिथून येणं शक्य नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. टाकीपाशी ते फार लहान दिसले. मग स्वतःच निम्मं अंतर चालत पुढं आले, थांबले, पंखाचं टोक जरा वाकवलं आणि विमान सोडलं.

ते सरळ आलं. गोजरबाई काठी सोडून पुढं वाकल्या.

"पोटूळ," त्या म्हणाल्या, अगदी हळू. विमान खाली येत होतं. "दौलताबाद."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. विमान त्यांच्या पायांपासून चार पावलांवर मातीला लागलं आणि थांबलं.

हात थोडा वेळ तसेच राहिले. "गाडी दौलताबादलाच राहिली," त्या म्हणाल्या. "पण बघितली. लाल कागद लावलास होय. मी पिवळा लावला होता."

जेवणं झाली. गोजरबाईंनी भावाला राहायचा आग्रह केला. ते म्हणाले, सकाळी दूधवाला येतो, दार बंद दिसलं की परत जातो. "मग जाऊ दे की दूधवाल्याला," त्या म्हणाल्या. कडूबाराव राहिले नाहीत. विमान त्यांनी तिथंच ठेवलं, बहिणीच्या खाटेसमोर, खिळ्याला, जिथं समोर बघितलं की दिसेल. निघताना त्या दाराशी आल्या आणि भावाच्या तोंडावरून हात फिरवला. मागच्या गोष्टीबद्दल दोघंही पुन्हा बोलले नाहीत. मी पाहिलं, संस्कृतीला शेजारच्या बाईनं विचारलं, "काय, आजीचं विमान गेलं का गं?" आणि संस्कृतीनं आजीकडे बघितलं. गोजरबाई म्हणाल्या, "वीस पावलं गेलं." लिंबाचं त्या काही बोलल्या नाहीत.

परतीच्या गाडीत गर्दी होती. कडूबारावांच्या मांडीवर टीव्हीचं रिकामं खोकं. समोरच्या माणसानं सांगितलं, काका, वर ठेवा ना, त्रास होतोय. ते म्हणाले, "नको, असू द्या."

"नाजूक माल आहे का?"

"नाय. रिकामं आहे."

माणूस हसला आणि फोन बघायला लागला. पोटूळ आलं, गेलं. दौलताबादला गाडी बराच वेळ थांबली. कडूबारावांनी खिशातून फोन काढला. नको सांगूनही अकराच्या सुमाराला आलेला मुलीचा एक मिस्ड कॉल होता. त्यांनी तो बघितला, वेळ बघितली आणि फोन परत ठेवला. गाडी हलली तेव्हा ते खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, पंख सांभाळत असल्यासारखे.